काट्यांची साक्ष

मोटार चालविणाऱ्या मनुष्याचे आपल्या मोटारीविषयीचे बहुतेक ज्ञान ऐकीव असते. टाकीत पेट्रोल किती उरले आहे हे त्याला दिसत नाही, इंजिनाभोवती खेळणारे पाणी किती तापले आहे हे त्याच्या हाताला कळत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाचा जो अंदाज त्याचे डोळे बांधतात तो हटकून चुकतो. या साऱ्या गोष्टींची वर्दी त्याच्यापुढे आणून ठेवण्याचे काम डॅशबोर्डावरच्या चार-दोन काट्यांकडे सोपविलेले असते. आणि तो त्या काट्यांवर इतक्या निःशंक मनाने विसंबतो की काटा म्हणजेच पेट्रोल आणि काटा म्हणजेच उष्णता, अशी त्याची समजूत होऊन बसते. मोटार नवी आहे तोपर्यंत या समजुतीला तडा जाण्याचे कारण पडत नाही. पुढे तारांवरचे वेष्टन कडक होते, सांध्यांत गंज शिरतो, आणि एखाद्या दिवशी, नुकतीच टाकी भरून घेतली असताना, समोरचा काटा ती रिकामी असल्याचा निर्वाळा देऊ लागतो. तेव्हा कोठे ध्यानात येते की पेट्रोल आणि काटा यांच्यामध्ये एक लांबलचक वाट आहे, आणि त्या वाटेवर निरोप पोहोचविणारे पुष्कळ हस्तक आहेत.

ही वाट शोधीत जाण्याचा नाद मला माझ्या मामांच्या मोटारीने लावला. मामा डॉक्टर. इंग्लंडातल्या इस्पितळांतून काही वर्षे नोकरी करून ते साताऱ्यास परतले तेव्हा त्यांच्यामागोमाग बोटीने त्यांची ट्रायंफ हेरल्ड १३/६० ही मोटारही आली. कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्यात १९६७ ते १९७१ या काळात तयार झालेल्या या मोटारीचे इंजिन १२९६ घन सेंटिमीटरांचे. तिच्या अंगलटीची मूळ रेखा जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची. तिची थोरली बहीण मद्रासेस 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने तयार होत असे, त्यामुळे आपल्याकडच्या मिस्त्रींना हे घराणे अगदीच परके नव्हते. समोरचा सबंध भाग, दोन्ही मडगार्डांसह, पुढच्या बाजूला उलटतो आणि इंजिन पुरते उघडे पडते; तपास करू इच्छिणाऱ्याला कोणतेही यंत्र याहून अधिक मोकळेपणाने सामोरे जात नसेल. मामांच्या पश्चात ही मोटार माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्यांची तपासाची रीतही आली.

लाकडी फळीवर दोन मोठ्या तबकड्या. एकीत वेग, दुसरीत पेट्रोल आणि उष्णता हे दोन काटे एकत्र नांदत असलेले. या दोन काट्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यापूर्वीच्या मोटारींतले पेट्रोलचे काटे दोन विद्युत्-वेटोळ्यांच्या ओढाताणीत उभे असत, आणि वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले की तेही तत्काळ हिंदकळत. १९६०च्या दशकात इंग्रजी मोटारींत निराळी योजना रूढ झाली. दोन भिन्न धातूंची एक जोडपट्टी घ्यायची, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळायची, आणि टाकीकडे जाणारा प्रवाह त्या तारेतून न्यायचा. प्रवाह वाढला की पट्टी तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून ती वाकते. आणि तिच्या वाकण्याने काटा सरकतो. चावी फिरविताच हा काटा झटकन उडी घेत नाही, एखाद्या भारदस्त गृहस्थाप्रमाणे सावकाश उठतो आणि आपल्या जागी जाऊन बसतो. रस्त्यावरचे हेलकावे त्याच्या मंद प्रकृतीत विरून जातात.

परंतु या योजनेत एक अडचण होती. बॅटरीचा दाब नेहमी एकसारखा राहत नाही. इंजिन बंद असताना तो बारा व्होल्टच्या आसपास असतो, डायनॅमो जोरात फिरू लागला की चौदापर्यंत चढतो, आणि रात्री दिवे लावले की पुन्हा उतरतो. टाकीतले पेट्रोल तेवढेच असताना केवळ दिव्यांची कळ दाबल्याने काटा हलू लागला तर त्याच्या सांगण्याला अर्थ काय उरला? म्हणून या दोन्ही काट्यांच्या मुळाशी एक लहानशी डबी बसविलेली असते. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. तिच्यातही तीच तापणारी जोडपट्टी आहे. ती तापली की वाकून प्रवाह तोडते, निवली की पुन्हा जोडते, आणि हे तोडणे-जोडणे अखंड चालू राहून काट्यांना सरासरी दहा व्होल्टचाच दाब मिळतो. काटे मंद असल्यामुळे हा ठोका त्यांना जाणवत नाही. पेट्रोल आणि उष्णता या दोन अगदी भिन्न गोष्टींची वर्दी अशा रीतीने एकाच मोजमापाच्या आधाराने दिली जाते, आणि ते मोजमाप कोणत्याही तबकडीवर दिसत नाही.

एका पावसाळ्याच्या अखेरीस, आमची मोटार महिनोन् महिने ओलीत उभी राहून बाहेर निघाली तेव्हा, हे दोन्ही काटे एकाच वेळी चढे बोलू लागले. अर्ध्या टाकीला पेट्रोलचा काटा पूर्णाच्या पलीकडे जाऊन टेकू लागला, आणि पोवई नाक्यापर्यंतच्या साध्या फेरीत उष्णतेचा काटा लाल रेघेला भिडू लागला. इकडे रेडिएटरवर धरलेल्या हाताला मात्र तेथे नित्याचाच उबारा लागत होता. मी मोटार एका वयस्क वायरमन मिस्त्रींकडे नेली. त्यांनी तक्रार ऐकून घेतली, काट्यांकडे थोडा वेळ पाहिले, आणि टाकीला किंवा इंजिनाला हात लावण्यापूर्वीच म्हणाले, "साहेब, दोघांना एकदम एकच रोग कसा व्हईल? टाकी तिकडं डिकीत, पाणी हिकडं बोनेटखाली. दोघांचं घर येगळं, पर हिरीचं पाणी एकच. आधी अर्थिंग बघू."

मग ते डॅशबोर्डाखाली आडवे झाले, हातभर तारेचे एक टोक त्यांनी स्टॅबिलायझरच्या डबीला लावले, दुसरे टोक घासून लख्ख केलेल्या लोखंडाला टेकविले, आणि मला काट्यांकडे पाहायला सांगितले. दोन्ही काटे, जसे सावकाश चढले होते तसेच सावकाश उतरले, आणि आपापल्या खऱ्या जागी स्थिर झाले. डबीच्या पायाशी, जेथे ती मोटारीच्या अंगाला स्क्रूने जोडलेली असते, तेथे ओलीने गंजाचा पापुद्रा धरला होता. त्या पापुद्र्यामुळे डबीतल्या पट्टीला तापण्यासाठी लागणारा प्रवाह परत जाईना. पट्टी तापेना म्हणून ती प्रवाह तोडेना. आणि बॅटरीचा सबंध दाब दोन्ही काट्यांवर येऊन पडला. पेट्रोलने किंवा पाण्याने खोटी वर्दी दिली नव्हती. वर्दी मोजण्याची जी एकच पट्टी दोघांना मिळाली होती, तीच आखूड झाली होती.

मोटारीतल्या विजेच्या व्यवहारात या अर्थिंगचे महत्त्व सर्वांत मोठे, आणि त्याच्याकडे लक्ष सर्वांत कमी. बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यापर्यंत, काट्यापर्यंत, भोंग्यापर्यंत तारेने जातो. परत येण्यासाठी मात्र त्याला वेगळी तार दिलेली नसते, मोटारीचे लोखंडी अंगच त्याची परतीची वाट असते. निम्म्या तारा त्यामुळे वाचतात. पण हेरल्डसारख्या मोटारीचे अंग अखंड नाही. खाली स्वतंत्र चासी, आणि तिच्यावर बोल्टांनी जोडलेले एकेक पत्रे. प्रत्येक बोल्ट हा त्या परतीच्या वाटेवरचा एक नाका, आणि गंज धरलेला प्रत्येक नाका प्रवाह अडवून धरतो. वळणाचा दिवा लावला की त्याच्या लुकलुकण्याबरोबर पेट्रोलचा काटाही लुकलुकू लागला, किंवा मोठा दिवा लावताच शेजारचा लहान दिवा मंदावला, तर तारेवर संशय घेण्याआधी हा नाका तपासावा. जाण्याच्या वाटेची काळजी सगळेच घेतात. बिघाड बहुधा परतीच्या वाटेवर दबा धरून बसलेला असतो.

एकटा पेट्रोलचाच काटा चुकत असेल तर तपास निराळ्या मार्गाने जातो. टाकीत एक तरंगता गोळा असतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक स्पर्शक आणि त्याखाली बारीक तारेचे वेटोळे. पेट्रोल उतरले की गोळा उतरतो, स्पर्शक सरकतो, आणि प्रवाहाच्या वाटेतला विरोध वाढतो. या इंग्रजी घडणीत रिकाम्या टाकीला तो सुमारे अडीचशे ओहमपर्यंत जातो आणि भरल्या टाकीला वीस-पंचवीसपर्यंत खाली येतो. तपासणीची पहिली पायरी म्हणजे टाकीवरची तार सोडविणे. तार सुटी असताना काटा रिकाम्यावर राहिला पाहिजे. मग तेच टोक स्वच्छ धातूला जोडून, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी उडू नये म्हणून जोडणी झाल्यावरच, चावी फिरवावी. काटा हळूहळू पूर्णापर्यंत चढला पाहिजे. तो चढला की चावी लगेच बंद करावी, कारण काट्याला त्या टोकावर फार वेळ ताटकळत ठेवणे बरे नव्हे. या दोन्ही टोकांवर काटा खरा उतरला तर काटा निर्दोष, तार निर्दोष, आणि दोष टाकीत. न उतरला तर टाकी निर्दोष, आणि दोष अलीकडे. दोनच प्रश्नांनी अर्धी वाट संशयातून मोकळी होते.

टाकीतल्या दोषांचेही आपापले स्वभाव आहेत. पितळी गोळ्याला बारीक छिद्र पडले की तो पेट्रोल पिऊन जड होतो आणि बुडतो. मग टाकी भरलेली असली तरी काटा दारिद्र्याची कैफियत मांडीत राहतो. वेटोळ्याची तार एखाद्या ठिकाणी झिजली तर काटा इतर सर्व पातळ्यांवर प्रामाणिक राहून नेमका तेवढ्याच पातळीवर कोसळतो, आणि पेट्रोल आणखी थोडे उतरले की पुन्हा शुद्धीवर येतो. तार कोठे पत्र्याला घासून उघडी पडली तर काटा सदैव भरभराटीचे वर्तमान सांगतो, आणि त्या वर्तमानावर भरवसा ठेवून निघालेला मनुष्य भर माळावर थांबतो. कमी सांगणारा काटा खिशाला थोडा त्रास देतो, पण वाटेत दगा देत नाही. अधिक सांगणारा काटा मात्र ऐन वेळी गाठतो. म्हणून जुन्या मोटारीच्या मालकाने सुखवार्तेची खातरजमा दुःखवार्तेच्या आधी करावी, असे माझे मत होऊन बसले आहे.

उष्णतेच्या काट्याची गोष्ट याहून गंभीर आहे. थर्मोस्टॅटजवळ पाण्यात बुडालेले एक लहान बोंड असते. त्यातला अर्धवाहक पदार्थ तापला की त्याचा विरोध घटतो, प्रवाह वाढतो, आणि काटा चढतो. त्याची परीक्षाही तार सोडून आणि तार जोडून, पेट्रोलच्या काट्यासारखीच करता येते. आणि काट्याच्या कोणत्या खुणेला किती अंश समजावे हे ठरवायचे असेल तर बोंड काढून, वायरीने जोडून, उकळत्या पाण्यात धरावे. मात्र उकळते पाणी म्हणजे सर्वत्र शंभर अंश नव्हेत. समुद्रकाठी ते शंभर असतात, साताऱ्यास अडीच-एक अंश कमी, आणि सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात पंच्याण्णव-शहाण्णवच्या दरम्यान पाणी उकळू लागते. ज्या कसोटीवर आपण साधन पारखतो त्या कसोटीलाही स्वतःचे स्थळ असते, हे त्या भांड्याशेजारी उभे राहून जितके पटते तितके पुस्तकात वाचून पटत नाही.

पसरणी घाट चढताना या काट्याकडे माझे लक्ष वारंवार जाते. वाई मागे पडते, धोम धरणाचे पाणी खाली दिसू लागते, मोटार दुसऱ्या गियरमध्ये कण्हत वळणे घेत असते, वाऱ्याचा झोत कमी आणि इंजिनाचे कष्ट अधिक, अशा वेळी काटा मधल्या खुणेवरून थोडा वर सरकतो आणि पाचगणीच्या सपाटीवर पुन्हा खाली येतो. हे वरखाली होणे मला आश्वासक वाटते. जो काटा चढणीला चढतो आणि उताराला उतरतो तो जिवंत आहे. भय त्या काट्याचे, जो घाटातही ढळत नाही. त्याहूनही मोठे भय असे, की एखादी नळी फुटून पाणीच निघून गेले तर ते बोंड कोरडे पडते. तप्त धातूच्या पोकळीत लटकणाऱ्या त्या बोंडाला सांगण्याजोगे पाणीच उरत नाही, आणि काटा कित्येकदा चढण्याऐवजी खाली येतो. इंजिन जळण्याच्या बेतात असताना डॅशबोर्डावर सर्वत्र सुबत्ता आणि शांतता असते. चढता काटा सावध करतो; भर चढणीवर अकारण उतरलेल्या काट्याने त्याहून अधिक सावध केले पाहिजे. अशा वेळी मोटार बाजूला घेऊन थांबावे, इंजिन बंद करावे, आणि ते निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.

वेगाच्या तबकडीचा कारभार मात्र विजेवाचून चालतो. गियरबॉक्सपासून निघालेली एक लवचीक केबल डॅशबोर्डामागे येते आणि एका चुंबकाला फिरविते. चुंबकाला न शिवता, त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची एक पातळ वाटी टांगलेली असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, ते वाटीला चुंबकामागे ओढतात, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जेथे तोल साधतो तेथे काटा थांबतो. ओटो शुल्त्से याने स्ट्रासबुर्ग येथे राहून १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढची कित्येक दशके जगातल्या बहुसंख्य मोटारींचा वेग याच अस्पर्श ओढीने मोजला गेला. काटा थरथरू लागला तर केबल कोरडी पडली आहे किंवा कोठे मुरगळली आहे असे समजावे. काट्याला दोष लावण्याचे कारण नाही. चुंबक वयाने क्षीण झाला तर काटा वेग कमी सांगतो, स्प्रिंग शिथिल झाली तर अधिक.

या तबकडीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे काट्याखालची आकड्यांची पट्टी. तीही त्याच केबलने फिरते. पण चुंबकाच्या ओढीवर तिचा भरवसा नाही, ती दातेरी चाकांनी पुढे सरकते. म्हणून चुंबक थकून काटा वेगाविषयी काहीही सांगू लागला तरी अंतराचा हिशेब बिनचूक राहू शकतो. एकाच केबलच्या टोकाला बसलेले हे दोन साक्षीदार, आणि त्यांतला एक दुसऱ्याची रुजवात घालू शकतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी अंतराचे आकडे ताडून पाहावेत, आणि मग मनगटावरच्या घड्याळाने वेग पारखावा. आमच्या मोटारीची तबकडी मैलांची. काटा ताशी तीस मैलांवर स्थिर धरला, तर एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सव्वा मिनिट लागले पाहिजे. दगड, घड्याळ आणि काटा या तिघांची आपसांत कोणतीही सोयरीक नाही, म्हणूनच तिघांच्या एकमताला किंमत आहे.

आता उरले ते दिवे. तेलाच्या दाबाचा काटा आमच्या मोटारीत नाही, केवळ एक दिवा आहे. काही मोटारींत बूर्दोंच्या नळीचा दाबमापक असतो. पॅरिसच्या यूजेन बूर्दों याने १८४९ साली शोधलेली ती चपटी, वाकडी नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि तिच्या उलगडण्याने काटा हलतो. तिथे इंजिनाचे तेलच बारीक नळीतून डॅशबोर्डापर्यंत चालून येते आणि आपली जबानी स्वतः देते. दिव्याची गोष्ट तशी नाही. दर चौरस इंचाला पाच-सात पौंडांच्या खाली दाब गेल्याशिवाय तो बोलत नाही. तोवर दाब पन्नास असो की दहा, त्याचे मौन एकसारखेच. डायनॅमोचा तांबडा दिवाही असाच: त्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनॅमो, दोघांचा दाब समान झाला की दिव्यातून प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही आणि तो विझतो. या दिव्यांचे विझलेले असणे ही सुवार्ता होय, पण केवळ एका अटीवर: इंजिन सुरू करण्यापूर्वी, नुसती चावी फिरविताच, ते लागले पाहिजेत. त्या क्षणी जो दिवा लागत नाही त्याचे पुढचे सारे मौन कवडीमोलाचे आहे. बल्ब जळालेला दिवा आणि निश्चिंत दिवा बाहेरून सारखेच दिसतात.

मामा हे सारे त्यांच्या व्यवसायाच्या शिस्तीने पाहत. मोटारीच्या कोणत्याही काट्याविषयी तक्रार निघाली की ते आधी विचारीत, "काटा खोटा हे ठरवलंस कशावरून? दुसरा पुरावा काय?" एकदा मला म्हणाले, "अरे, ताप बघण्याआधी आम्ही थर्मामीटरचा पारा खाली झटकतो, तो कशासाठी? आधीच्या रोग्याचा ताप नव्याच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून. आधी साधन कोरं करून घ्यायचं, मग रोग्याकडं वळायचं." रोग्याच्या अंगाला हात लावल्याशिवाय त्यांनी कधी थर्मामीटरवर विश्वास ठेवला नाही, आणि थर्मामीटर लावल्याशिवाय कधी हातावर ठेवला नाही.

त्यांच्या उतारवयातली एक गोष्ट मला या मोटारीपासून वेगळी करता येत नाही. एका हिवाळ्यात त्यांचे जगणे हळूहळू बेचव होत गेले. जेवण गोड लागेना, वर्तमानपत्र हातात धरवेना, गाणे लावले तरी मन त्यात रमेना, मित्र आले तरी ते केव्हा उठतील असे वाटे, आणि साताऱ्याची साधी थंडीही अंगाला झोंबे. घरातल्या मंडळींनी प्रत्येक गोष्टीचा वेगवेगळा उपाय मांडला: स्वयंपाकात फेरफार, नवी पुस्तके, चार दिवस मुलीकडे. मामांनी ते सारे ऐकून घेतले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "अन्न, गाणं, माणसं, सगळं एकाच महिन्यात बिघडलं असं होत नाही. सगळेच काटे एकदम खाली बसले म्हणजे मुळाशी बघायचं. उद्या माझं रक्त तपासायला ने." तपासणीत थायरॉईडची ग्रंथी मंदावल्याचे निघाले. रोजची एक लहानशी गोळी सुरू झाली, आणि काही आठवड्यांनी स्वयंपाकही सुधारला, गाणीही सुरेल झाली, मित्रांच्या गप्पांनाही रंग चढला. त्यांपैकी कशातही कोणी काही बदल केला नव्हता.

मामांनी स्वतःवर चालविलेला हा तपास मला मोटारीच्या तपासाहून थोर वाटतो, कारण मोटारीच्या स्टॅबिलायझरला मिस्त्री बाहेरून तार लावू शकतो. मनुष्याला आपल्याच आतल्या मोजपट्टीविषयी शंका घेणे फार कठीण जाते. आपण बाहेरच्या प्रत्येक गोष्टीला दोष देत फिरतो, आणि प्रत्येक दोषाला पुरावाही सापडतो. स्वयंपाकात मीठ कधी कमी असतेच, मित्र कधी कंटाळवाणे असतातच. एकेका तक्रारीत तथ्यांश असल्यामुळेच त्यांच्यामागचे समान कारण झाकून जाते. ज्या दिवशी सारे जग एकाएकी उद्धट, कृतघ्न आणि नीरस झाल्याचे जाणवेल, त्या दिवशी जगाच्या टाकीत हात घालण्याआधी आपले अर्थिंग तपासावे. आणि ज्या दिवशी सारेच काही उत्तम, भरलेले आणि थंडगार दिसेल, त्या दिवशीही. मात्र एकच काटा खोटे बोलत असेल, बाकीचे खरे असतील, तर स्वतःला दोषी ठरवून मोकळे होणे हाही आळसच. तेव्हा त्या एका वाटेवर चालत जाऊन तिथला गंज शोधला पाहिजे. सगळा दोष बाहेर टाकणे जितके अन्यायाचे, तितकेच सगळा दोष अंगावर घेणेही अन्यायाचे. कोणता दोष कोठला, हे निवडून काढणे म्हणजेच तपास.

हल्लीच्या मोटारींतले काटे संगणकाच्या हुकमाने चालतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना एक शिष्टाचार शिकविलेला असतो: पाण्याची उष्णता साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत कोठेही असली तरी उष्णतेचा काटा मधल्या खुणेवरच उभा ठेवायचा, म्हणजे मालक विनाकारण घाबरून कारखान्याचे दार ठोठावीत नाही. या योजनेमागे व्यवहाराचे शहाणपण आहे, आणि नव्या मोटारीच्या संगणकाला त्या काट्याहून कितीतरी अधिक ठाऊक असते, हेही मान्य केले पाहिजे. तरी मला वाटते, की चढणीवर चढणारा आणि उतारावर उतरणारा काटा मालकाला जे शिक्षण देतो ते या मध्यस्थ काट्याकडून मिळणार नाही. सदैव मधोमध उभा असलेला काटा धीर देतो, आणि धीर देणे हेच त्याचे काम होऊन बसले की वर्दी देणे हे त्याचे दुय्यम काम होते.

म्हणून पाऊस उघडला की मी दरवर्षी मोटारीचा पुढचा भाग उलटून ठेवतो, चासीवरचा बॅटरीचा सांधा पॉलिश पेपरने घासून लख्ख करतो, स्टॅबिलायझरचा स्क्रू काढून त्याच्याखालची जागा पुसतो, टाकीची तार सोडून आणि जोडून काट्याची दोन्ही टोके पाहतो, चावी फिरवून दोन्ही दिव्यांची हजेरी घेतो, आणि दगडांशी नि घड्याळाशी वेगाचा हिशेब जुळवितो. या कामात सुटीची एक सकाळ जाते, आणि त्यानंतर घाटात शिरताना मी काट्यांकडे पाहतो तेव्हा माझ्या विश्वासामागे आंधळेपणा नसतो. पेट्रोलपासून काट्यापर्यंतची वाट मी स्वतः चाललो आहे, तिच्यावरचे नाके मला ठाऊक आहेत, आणि तो काटा खोटे बोलू लागला तर कोणत्या स्वरात बोलेल हेही ठाऊक आहे. साक्षीदारावर विश्वास ठेवण्याचा अधिकार तपासाने मिळतो, आणि तो दर पावसाळ्यानंतर नव्याने मिळवावा लागतो.